पंधराव्या वर्षी सुवर्ण? चालेल की!
कथेतली फिगर स्केटर (बर्फावर उड्या-गिरक्या घेणारी खेळाडू) पंधराव्या वर्षी ऑलिम्पिक सुवर्ण मिळवते हे 'अतीच झालं' असं एका वाचकाने म्हटलंय, ते पटलं नाही. १९९८ला नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं तेव्हा तारा लिपिन्स्की १५ वर्षांचीच होती, २०१८ला अलिना झागितोवाही. मला खटकलं ते पुढचं: कथेतली ही बाई तिशीपर्यंत एकही दुखणं न काढता जिंकतच राहते! उडी उतरते ती एकाच पायावर, पाठमोरं सरकत, बुटाखालच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर. तेही सरावात रोज कितीदा तरी. घोटा, गुडघा, खुबा कुरकुरणारच. लिपिन्स्कीच्या खुब्यावर २०००मध्येच शस्त्रक्रिया झाली.

आणि हो, कथा २०२६च्या ऑलिम्पिकची असेल तर मात्र पंधरावं बाद. सीनियर गटाला आता किमान १७ वर्षं लागतात.