काचेवर कोरलेला चेहरा निगेटिव्हसारखा दिसतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. डॉर्सेटमधल्या मोर्टन गावच्या चर्चच्या खिडक्या १९४० मध्ये बॉम्बमुळे फुटल्या. आता तिथे लॉरेन्स व्हिसलर यांनी कोरलेल्या काचा आहेत. रंग कुठेच नाही, बाहेरची झाडं आरपार दिसतात. तेव्हापासून डोक्यात हा किडा वळवळतोय.

घरी आल्यावर टंगस्टन कार्बाइडचं टोक असलेली, पेन्सिलीएवढी कोरणी घेतली. ठिपक्याठिपक्यांनी कोरतो. आजीच्या पितळी डब्यावर नाव घातलेलं असायचं ना, तसंच, फक्त हातोडी नाही. वडिलांचा फोटो ग्लासाच्या आतून चिकटवला आणि केस, भुवया, मिशा मन लावून भरल्या. आठ संध्याकाळी त्यात गेल्या. फोटो काढून बघतो तर मिशा पांढऱ्याशुभ्र आणि चेहरा काळवंडलेला! बायको म्हणाली, "बाबांचा एक्स-रे काढलात का?"

माझं नेमकं काय चुकतंय? आणि ग्लास कुठला घ्यावा? याआधीचा एक कोरता कोरताच फुटला, अख्ख्या टेबलावर चुरा.

प्रतिसाद
काका, हात चांगला दिसतोय तुमचा, फक्त उजेड-सावली उलटी भरलीत. कोरलेली जागा उजेड धरते आणि पांढरी दिसते. म्हणून दाट ठिपके कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या उंचवट्यावर द्यायचे. मिशा कोऱ्या सोडायच्या, चमकेपुरते चार ठिपके पुरेत. आधी काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने तोच चेहरा काढून बघा. कोरतानाही ग्लासात काळं कापड कोंबा, म्हणजे काय उमटतंय ते कळेल.

फुटलेला ग्लास टफन्ड, म्हणजे मुद्दाम कडक केलेल्या काचेचा असणार. त्या काचेत ताण कोंडलेला असतो, पृष्ठभाग भेदला गेला की संपलं. साधी काच चालते, पण शिसं असलेली क्रिस्टल काच मऊ. अठराव्या शतकात हॉलंडमधले ठिपकेवाले कारागीर तीच पसंत करायचे. आणि हो, पडलेली पूड फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.

बिघडलेला ग्लास टाकू नका. भर उजेडाच्या खिडकीत ठेवून बघा.

मूळ लेखक
ठेवला. मागून ऊन आलं आणि मिशा काळ्या झाल्या! बायकोने तिथली तुळशीची कुंडी हलवून जागा करून दिली. आता काळा कागद आणायला निघालोय.