गावाचं जंगल आणि झाडावरचा कांगारू

'गावाच्या ताब्यात जंगल दिलं की सफाचट झालंच समजा,' असं कुणीतरी लिहिलंय. आपण नागपूरकर जंगल म्हटलं की ताडोबा, पेंच, जिप्सी आणि वाघ यापलीकडे जात नाही, म्हणून तसं वाटत असेल.

पापुआ न्यू गिनीत बहुतेक जमीन सरकारची नाहीच, ती कुळांची, म्हणजे एका वंशातल्या भाऊबंदांच्या गटांची आहे. तिथल्या ह्युऑन द्वीपकल्पात योप्नो, उरुवा, सोम या नद्यांच्या खोऱ्यांतल्या गावांनी आपल्या वर्षावनाचे पट्टे शिकारबंदीसाठी राखले; २००९ साली त्यांना कायदेशीर संरक्षण मिळालं. निमित्त कोण, तर झाडावर राहणारा कांगारू! तांबूस पाठ, पिवळे पाय, शेवाळलेल्या फांद्यांवर वावर. मूळचा फक्त याच द्वीपकल्पातला. शिकार पूर्ण बंद नाही, पट्ट्याबाहेर चालतेच. पण आत वाढलेली जनावरं बाहेर पसरतात, म्हणजे राखणं शिकाऱ्याच्याही फायद्याचं. मला तर हा रोखठोक हिशेबच जास्त पटतो.

आणि एवढं लांब तरी कशाला? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरायचा आणि राखायचा गावाचा कायदेशीर हक्क मिळाला, तोही २००९ मध्येच. ते वर्षावन नव्हे, बांबूचं रान आहे, हे मान्य. पण आधी तिथे जाऊन या, मग सफाचटचं बोलू.