मदत हवी आहे: हवाई हल्ल्याचा प्रवेश प्रत्येक हॉलमध्ये वेगळाच होतो

दौरेकर: नाटक 1940 च्या लंडनमधल्या दोन भावंडांचं. नट मोजके, तंत्र सांभाळायला दोघं, सगळं सामान एकाच गाडीत. घोळ होतो बॉम्बहल्ल्याच्या प्रवेशात. मोठ्या थिएटरात भोंगा मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही, लहान हॉलमध्ये पुढची पोरं कान झाकतात. दुपारच्या प्रयोगाला अंधारच होत नाही. होतो तिथे नट लेव्हलला, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याला, अडखळतात. शिवाय जुने, अस्सल गॅस मास्क मिळतायत, घ्यावेत का? धुराचं मशीन न्यावं का?

कपडेपट: मास्क अजिबात घेऊ नका. त्या काळच्या ब्रिटिश मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि घालून श्वास घेतला की तंतू थेट छातीत. फोमची प्रतिकृती करा, डबा पोकळ ठेवा, हवेला मोठी भोकं पाडा. मास्क तोंडावर असताना संवाद नको, एक शब्द कळत नाही. खरं तर मुलं तो दोरीने खांद्याला अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वागवायची. काळ कळायला ते खोकंच पुरतं. पुठ्ठा प्रवासात चेपतो, म्हणून आतून कापड चिकटवा आणि जादा खोकी ठेवा.

विंगेतला: आधी भोंगा तपासा. धोक्याचा भोंगा चढत-उतरत वाजायचा, धोका टळल्याचा एका सुरात. डाउनलोड केलेल्या फायलींत हे सर्रास उलटसुलट असतं.

आवाज वाढवत नेण्यात अर्थ नाही. स्पीकर जमिनीवर असेल तर पहिल्या रांगेला फटका बसतो आणि पुढची डोकीच आवाज अडवतात. स्टँडवर दोन मीटरच्या वर चढवा, तोंड मागच्या रांगांकडे करा. आवाजाची पातळी रिकाम्या हॉलमध्ये ठरवली असेल तर प्रेक्षक भरल्यावर थोडी वाढवावी लागते, कारण माणसं आवाज शोषतात. स्फोटाची घरघर छोट्या स्पीकरला झेपत नाही, तो फाटतो. ती पत्र्यावर काढा: पातळ पत्रा, साधारण 3 बाय 6 फूट, वर लाकडी पट्टी, विंगेत टांगून खालून हलवायचा. बॉम्ब लांब पडतोय असं वाटतं, आणि तेच जास्त भीतीदायक.

आता अंधार. बाहेर पडण्याच्या मार्गाचे दिवे कधीही झाकू नका. त्याऐवजी अंधाराआधी अर्धा मिनिट रंगमंच भरपूर उजळा आणि मग दिवे एकदम घालवा. डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, त्यामुळे अर्धवट अंधारही गडद वाटतो. दुपारच्या हॉलमध्ये मात्र काळोखाचा नाद सोडा. पात्रांनाच खिडकीवर काळं कापड चढवू द्या. ब्रिटनमध्ये 1 सप्टेंबर 1939 पासून घरोघरी हेच चाललं होतं. टॉर्चच्या काचेवर पातळ कागदाचे दोन थर लावा. तसा नियमच होता, आणि तुम्हाला चेहऱ्यापुरता मऊ उजेडही मिळतो. एलईडी असेल तर आत पिवळा फिल्टर घाला, नाहीतर उजेड निळसर पडतो.

अडखळण्यावरही उपाय त्याच काळातला. तेव्हा रस्त्याच्या कडा पांढऱ्या रंगवल्या होत्या. तुमच्या लेव्हलच्या कडा तशाच रंगवा. विंगेतल्या पायऱ्यांना रेडियम टेप लावा, पण अंधाराआधी तिच्यावर उजेड पडलेला हवा, नाहीतर ती चमकतच नाही.

प्रकाशवाला: धुराचं मशीन नेऊ नका. प्रत्येक हॉलची आग-सूचक यंत्रणा वेगळी, आणि ती वाजली की प्रेक्षकांना नाटकातला भोंगा आणि खरा भोंगा यांतला फरक कळत नाही. धुळीसाठी पीठही उधळू नका. हवेत पसरलेलं पीठ पेट घेतं आणि जमीन निसरडी होते. अंधारात खांद्यांवर करडी पावडर ब्रशने लावली की झालं.

प्रवेशद्वाराशी पाटी हवीच: मोठा भोंगा, स्फोटाचे आवाज, इतके सेकंद अंधार. युद्ध अनुभवलेलं कुणीही प्रेक्षकांत असू शकतं. अशांना कडेची खुर्ची द्या, म्हणजे उठून जाता येईल.

दौरेकर: बाकी सगळं जमेल. पत्रा गाडीत आडवा मावत नाही, घडी घातली तर?

विंगेतला: घडी नको. चुणी पडली की घरघर जाऊन खडखड उरते. सैल गुंडाळी करून दोन ठिकाणी कापडी पट्ट्यांनी बांधा आणि गाडीत उभी ठेवा. तेही जमत नसेल तर मोठा ढोल घ्या, टिपरूला जाड फडकं गुंडाळा.