पाच संख्या, विस्तार १०: सगळे फरक वेगळे येतील का?

प्रश्न:
तीन रात्री वहीची पानं भरतोय. ०, १, ४, ६ यांच्या जोड्या घेतल्या तर सहा फरक मिळतात, १ ते ६, प्रत्येक अगदी एकदाच! इतकं सुंदर, की पाच संख्यांसाठीही तसंच हवंसं वाटलं. जोड्या दहा, म्हणून विस्तार (सर्वांत मोठी वजा सर्वांत लहान) १०. पण दरवेळी एखादा फरक दोनदा येतोच. माझं काही चुकतंय, की हे होतच नाही?

उत्तर १:
होत नाही. संख्या चढत्या क्रमाने मांडा आणि शेजारच्यांमधली चार अंतरं तेवढी बघा. ती वेगवेगळी हवीत आणि बेरीज १०, म्हणजे ती १, २, ३, ४ हीच. आता १ कुठे बसवाल? २ च्या शेजारी ठेवलात तर बेरीज ३, तो आधीच आहे. ३ च्या शेजारी ठेवलात तर ४ पुन्हा येतो. म्हणून १ टोकाला, त्याला लागून ४. पण १+४ म्हणजे ५, आणि उरलेले २ व ३ शेजारी, त्यांचेही ५.

उत्तर २:
विस्तार ११ करा: ०, १, ४, ९, ११. फक्त ६ सुटतो. अशा संचाला गोलोम्ब पट्टी म्हणतात.

प्रश्नकर्ता:
ताडून पाहिलं, खरंच ६ तेवढाच नाही! मी दरवेळी दहाही फरक लिहीत बसायचो. आता सहा संख्या आणि विस्तार १५ घेतलाय. १ पुन्हा टोकालाच जातो, ५ ला लागून. २ ला जागा शोधतोय.