फेस्टिव्हल मूड की फेस्टिव्ह मूड? अर्धा मार्क कापला ते बरोबरच केलं

कट_वाढा:
पोरगी सहावीत हाय. इंग्लिशच्या निबंधात दिवाळीचा बाजार लिहिला होता, आपल्या कोल्हापुरातल्या महाद्वार रोडची गर्दी, आकाशकंदील, किल्ल्यावरचे मावळे, सगळं झकास, आणि मधेच 'द होल मार्केट वॉज इन अ फेस्टिव्हल मूड'. बाईंनी फेस्टिव्हलवर लाल काट मारून वर फेस्टिव्ह लिहिलं आणि अर्धा मार्क घेतला. पालकांच्या ग्रुपवर कालपासून रणधुमाळी चालू हाय. माझं मत विचाराल तर बाईंचं बरोबर. फेस्टिव्हल म्हणजे तो सण, आणि सणामुळं जे वातावरण तयार होतं ते फेस्टिव्ह. चुकतंय ते शिकवण्यात. वहीत शब्दार्थ दिलाय 'फेस्टिव्ह : सणाचा'. मग सणाचा प्रसाद झाला फेस्टिव्ह प्रसाद, पोरं असंच लिहिणार की! त्यापेक्षा फेस्टिव्ह मूड, फेस्टिव्ह सीझन, फेस्टिव्ह ऑकेजन, फेस्टिव्ह लाइट्स अशा जोड्याच तोंडात बसवा. शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते कळलं की अर्थ आपोआप कळतोय.

पेठेतला_पेन्शनर:
अजिबात पटलं नाही. उभी हयात सरकारी नोकरीत गेली, दरवर्षी फेस्टिव्हल अॅडव्हान्सचा अर्ज भरला, कुणी साहेबानं त्याचं फेस्टिव्ह अॅडव्हान्स केलं नाही. रेल्वे दिवाळीला जादा गाड्या सोडते त्या फेस्टिव्हल स्पेशल. म्हणजे नामापुढं नाम लावलेलं सरकारला चालतं, रेल्वेला चालतं आणि सहावीच्या पोरीला चालत नाही? वाचणाऱ्याला कळलं ना बाजार कसा होता ते, मग मार्क कापायचं कारणच काय.

कट_वाढा:
काका, तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची हायत बघा. अॅडव्हान्स त्या सणासाठी मिळतो, तो स्वतः काय आनंदी नसतोय (पुढं पगारातनं हप्ते कटायला लागले की तर बिलकूल नाही). गाडी सणासाठी सोडलेली, तिला काय तोरण बांधलेलं नसतंय. म्हणून तिथं फेस्टिव्हल. सोपी टेस्ट सांगतो, आधी व्हेरी लावून बघायचं. व्हेरी फेस्टिव्ह मार्केट, व्हेरी फेस्टिव्ह मूड, बसतंय. व्हेरी फेस्टिव्हल मूड म्हणून बघा, जीभच अडखळती.

राजारामपुरी_१२वी_गल्ली:
टेस्ट चांगली हाय पण एवढं छाती काढून सांगू नका. फेस्टिव्हल हा शब्द इंग्रजीत आला तोच मुळी विशेषण म्हणून, नाम तो नंतर झाला. जाड डिक्शनरीत अजून त्याचा विशेषणाचा वापर दिलेला असतोय. म्हणजे पोरीनं जे लिहिलं ते जुन्या इंग्रजांनी खपवून घेतलं असतं. शिवाय आपल्याकडं दसऱ्याच्या आधीपासून पानभर जाहिराती येतात, एकात फेस्टिव्ह ऑफर, दुसरीत फेस्टिव्हल ऑफर, दोन्ही दुकानांत गर्दी तेवढीच! भारतात चालणारं इंग्रजी म्हणून एक गोष्ट असतीय की नाही? ऑफर दोन्हीकडं चालती तर मूडनंच काय घोडं मारलंय.

पेठेतला_पेन्शनर:
हे बघा, आता बोला.

खडू_फळा:
मी इंग्रजीच शिकवते, वरच्या बाई मी नव्हे हे आधीच सांगते. ऑफर दोन्हीकडं चालते कारण ती सणानिमित्त असते आणि खूश पण करते. मूडचं तसं नाही, मूड कसा आहे एवढंच सांगायचं असतं. मी सहावीला मार्क कापला नसता, नुसता गोल करून सोडलं असतं, ते जाऊ दे. माझ्या वर्गात याहून मोठा घोटाळा होतो. पोरांना वाटतं कॅलेंडरवर लाल रंगात छापलेला प्रत्येक दिवस फेस्टिव्ह. आपल्याकडं मोहरमला पंजे बसतात, गल्लीतली सगळ्या जातीधर्माची माणसं दर्शनाला जातात, गर्दी गणपतीसारखीच. म्हणून एकानं लिहिलं 'मोहरम इज अ फेस्टिव्ह डे'. गर्दी असली तरी मूळ दिवस शोकाचा आहे, तिथं हा शब्द नको. गुड फ्रायडेचं पण तेच. फेस्टिव्ह म्हटलं की त्यात आनंद आलाच, नुसतं धार्मिक असून भागत नाही. दुसरा घोटाळा सेलिब्रेटरीचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमनं फायनल मारली आणि पोरं गुलाल उधळत निघाली तर तो सेलिब्रेटरी मूड, कारण काहीतरी जिंकलंय. गणपतीत कुणी काही जिंकलेलं नसतं तरी अख्खं गाव रस्त्यावर, तो फेस्टिव्ह. मिरवणुकीला दोन्ही लावता येतात, तिथं भांडू नये.

गवळी_गल्ली_किंग:
मॅडम आमच्या म्हशीचं काय? दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवतो, मोरपिसं लावतो, गळ्यात कवड्यांची माळ घालतो आणि सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं पळवतो. गेल्या साली फोटो टाकताना फेस्टिव्ह बफेलो लिहिलं तर भाचा हसला.

खडू_फळा:
भाचा उगाच हसला. सजून आनंदी दिसणाऱ्या वस्तूला फेस्टिव्ह चालतं, टोपी असो, दिवे असोत, म्हैस असो. माणसाला थेट लावताना मात्र जपून. 'आय अॅम फीलिंग फेस्टिव्ह' चालतं, 'माय अंकल इज अ फेस्टिव्ह मॅन' कानाला खटकतं, तिथं 'इन अ फेस्टिव्ह मूड' म्हणावं.

राजारामपुरी_१२वी_गल्ली:
म्हशीला चालतंय आणि काकाला नाही, वा रे इंग्रजी.

डब्ल्यूएफएच_कागल:
जरा माझं पण सोडवा. क्लायंट लंडनचा. मेल टाकायचाय की ऑक्टोबर-नोव्हेंबरात टीम अर्धी असेल. मॅनेजर म्हणतोय 'ड्यू टू द फेस्टिव्ह सीझन' लिही, मला ते बरोबर वाटतंय.

खडू_फळा:
व्याकरण बरोबर आहे, पण तिकडं फेस्टिव्ह सीझन म्हणजे ख्रिसमस आणि न्यू इयर. त्यांच्या पेपरात फुटबॉलच्या फेस्टिव्ह फिक्स्चर्स म्हणजे सुद्धा डिसेंबरच्या शेवटच्या मॅचेस. तुमचा माणूस ऑक्टोबरचं वाचून गोंधळेल. सरळ दिवाळी हॉलिडेज लिहा आणि तारखा टाका.

पेठेतला_पेन्शनर:
आणि मॅनेजरला सांगा, फेस्टिव्हल हॉलिडेज लिहिलं असतं तरी चाललं असतं.