मीठ विरघळलं, पण ‘कण’ कसे दाखवायचे?

येळ्ळूरची ताई

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी आमच्या सोप्यात गल्लीतली पोरं जमवून विज्ञानाचे छोटे प्रयोग घेते. पाचवी ते सातवीची पोरं. बरीचशी मराठी शाळेतली, काही कन्नड माध्यमाची, दोघं इंग्लिश मीडियमची.

गेल्या वेळी विरघळण्याचा विषय घेतला. मीठ, साखर, गूळ, रांगोळी, हळद, खोबरेल. ज्याला जे हवं ते ग्लासात टाकून ढवळायचं. मजा आली. रांगोळी तळाला बसली, खोबरेल वर आलं. मग विचारलं, मीठ कुठं गेलं? सगळी एका सुरात, “संपलं की वो टीचर!” चव घ्यायला लावली तर म्हणे, खारटपणा राहिला, मीठ गेलं. मी सांगितलं की मिठाचे कण सुटे होऊन पाण्यात पसरलेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त सातवीतली एक पोर म्हणाली, “कणच कशाला पाहिजेत टीचर? मीठ पाण्यात एकजीव झालं असंल की.”

तिला काय दाखवावं? सूक्ष्मदर्शक नाही, आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून हे दिसणारही नाही. सामान किराणा आणि मेडिकलात मिळेल तेवढंच. ॲसिड वगैरे नको, पोरांच्या आया मला सोडायच्या नाहीत.

शहापूरचा काटा

आधी वजन करा ताई. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. 100 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ. विरघळवण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या; “मीठ गेलं” म्हणणारी पोरं 100 लिहिणार. काटा 110 दाखवतो. ढवळायचा चमचा पहिल्यापासून काट्यावरच राहू द्या, नाहीतर चमच्याला लागलेल्या पाण्यावरून भांडण जुंपतं.

भारतभूषण

एवढा खटाटोप कशाला? कणाद ऋषींनी परमाणू कधीच सांगून ठेवलाय. ती गोष्ट सांगा, पोरांना अभिमानही वाटेल.

खानापूरचे मास्तर (निवृत्त)

भारतभूषणजी, गोष्ट जरूर सांगावी, मीही सांगत असे. पण त्या पोरीला पुरावा हवाय, आणि ‘ऋषींनी सांगितलं’ हे ‘टीचरनी सांगितलं’ याच्याच जातीचं उत्तर झालं.

ताई, त्या पोरीला माझ्यातर्फे एक लिमलेटची गोळी द्या. आपण शाळेत विरघळण्याचे जे प्रयोग करतो, त्यातून मीठ पाण्यात शिल्लक आहे एवढंच ठरतं. वजन कायम राहतं, ताटलीत पाणी वाळवलं की मीठ परत हातात येतं. ‘एकजीव’ म्हणणारा हे दोन्ही मान्य करेल आणि तरी आपल्या जागी ठाम राहील. पुस्तकं इथं गुपचूप उडी मारतात. ‘मीठ विरघळले, म्हणजे पदार्थ कणांचा बनलेला असतो.’ असं कसं? कणांसाठी वेगळी साक्ष काढावी लागते.

माझा आवडता प्रयोग पातळीचा. सरबताची अरुंद गळ्याची रिकामी काचेची बाटली घ्या. पाचवा हिस्सा भरेल एवढं खडेमीठ टाका, बारीक नको. पाणी हळूहळू सोडा, बाटली तिरपी करून टिचक्या मारा म्हणजे खड्यांत अडकलेले बुडबुडे वर येतात. मग गळ्यापर्यंत भरा आणि पातळीवर लगेच दोरा बांधा. वेळ घालवलात तर मीठ तेवढ्यात विरघळायला लागतं. बूच घट्ट लावून उलटसुलट करत राहा. मीठ नाहीसं होत जातं तशी पातळी दोऱ्याच्या खाली सरकते, आणि गळ्यात ती चांगली बोटभर उतरलेली दिसते. थेंबही सांडलेला नाही, काट्यावर वजन तेच. मग जागा कुठं गेली?

इथं शिक्षकानं तोंड उघडायचं नाही. हे फार अवघड जातं, पण जमवा.

पोरांनी भरपूर तर्क लढवले की मग हरभरे आणि मोहरी काढा. एक वाटी हरभरे, एक वाटी मोहरी, एकत्र करून हलवली की दोन वाट्या भरत नाहीत. मात्र हा देखावा आहे, पुरावा नाही, हे पोरांना सांगावं. हरभरे जागच्या जागी बसून राहतात, पाण्यातले कण क्षणभरही थांबत नाहीत. शिवाय मिठाच्या बाबतीत नुसती फटीत बसण्याची गोष्टही पूर्ण खरी नाही. विरघळताना मिठाचे विद्युतभार असलेले भाग सुटे होतात आणि आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंना जवळ ओढतात, त्यामुळे पाणीच थोडं दाटीनं बसतं. हे सातवीत सांगायची घाई नको, पण आपल्याला माहीत असावं.

दुसरा प्रयोग रंगाचा. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, याचे दोन-तीन बारीक खडे 100 मिलि पाण्यात. त्यातलं 10 मिलि काढून 90 मिलि साध्या पाण्यात, त्यातलं पुन्हा 10 पुढच्या ग्लासात. तीन वेळा असं केलं की मूळ रंगाचा हजारावा भाग उरतो. ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पाहिलं तर फिकी गुलाबी झाक अजून ओळखू येते, आणि तीही सगळीकडे सारखी. मग एका बारीक खड्याचे तुकडे किती झाले असतील? हे औषध हाताला आणि फरशीला डाग पाडतं, पोटात जाता कामा नये, म्हणून खडे तुम्हीच टाका. नकोच वाटलं तर खाण्याचा लाल रंग वापरा.

एवढं करूनही ती पोर म्हणू शकते, तुकडे करत करत कधीच थांबलो नाही तर? तिला सांगा, तू चांगल्या संगतीत आहेस. विल्हेल्म ओस्टवाल्ड म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते, 1909 चं नोबेल मिळालेले. तेही बरीच वर्षं अणू-रेणू खरे मानायला तयार नव्हते. पाण्यातल्या सूक्ष्म कणांची अखंड थरथर रॉबर्ट ब्राउन यांनी 1827 मध्ये पाहिली, पाण्याचे रेणू त्या कणांना धडका देतात म्हणून ती होते असं धरून आइनस्टाइन यांनी 1905 मध्ये तिचं गणित मांडलं, आणि जाँ पेरँ यांनी मोजमापं करून ते पडताळलं. तेव्हा कुठं ओस्टवाल्ड यांनी मान्य केलं. तोवर फक्त अंदाज होते. आज आपण हिशेब करू शकतो: एक मिलिग्रॅम साखरेत एकावर अठरा शून्यं, त्याच्या पावणेदोन पट रेणू भरतात. फळ्यावर शून्यं पोरांनाच काढू द्या.

वडगावकर

आमच्या घरी मागाचा धंदा, सूत रंगवताना पाहत वाढलो. मास्तरांच्या यादीत एक भर. दोन ग्लास, एक थंड, एक गरम, अजिबात हलवायचं नाही. दोन्हीत रंगाचा एकेक थेंब एकाच वेळी सोडा. गरम पाण्यात रंग भराभर पसरतो, थंडात बराच वेळ दोरा लोंबल्यागत राहतो. ढवळलं कुणी? हा प्रश्न पोरांना पुरतो.

येळ्ळूरची ताई

सगळ्यांचे आभार. बाटली केली. पातळी उतरल्यावर पोरं हरखली, पण तीच पोर म्हणाली, “खड्यांच्या मधली हवा निघाली असंल, म्हणून खाली गेलं.” टिचक्या मारून मारून माझी बोटं दुखली होती! आता?

दुसरं, एकानं विचारलं, दूध पाण्यात टाकलं की ते विरघळतं का? दिसत तर नाही काही वेगळं.

खानापूरचे मास्तर (निवृत्त)

पोर पुढं जाणार. हवेची शंका रास्त आहे, तिच्यावर उपाय म्हणजे खडेच नकोत. मेडिकलात मिळणारं स्पिरिट 50 मिलि आणि पाणी 50 मिलि, अरुंद मोजपात्रात. दोन्ही द्रव, हवेला जागाच नाही. शुद्ध अल्कोहोल असेल तर मिश्रण साधारण 96-97 मिलि भरतं. मेडिकलच्या स्पिरिटमध्ये आधीच थोडं पाणी असतं, म्हणून घट त्याहून कमी दिसेल, पण दिसेल. मिसळताना भांडं कोमट लागतं, तेही पोरांना हात लावून बघू द्या. जवळ गॅस, समई, उदबत्ती काही पेटलेलं नको आणि खिडक्या उघड्या ठेवा.

दुधासाठी सोप्याची दारं लावून अंधार करा. एका ग्लासात गाळलेलं मिठाचं पाणी, दुसऱ्यात साध्या पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब. बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा. टॉर्चवर भोक पाडलेला कार्डबोर्ड धरला तर उत्तम. दुधाच्या ग्लासातून प्रकाशाचा पट्टा आरपार गेलेला दिसतो, मिठाच्या पाण्यात जवळजवळ काहीच दिसत नाही. दुधातले स्निग्धाचे आणि प्रथिनांचे गोळे प्रकाश विखुरण्याइतके मोठे असतात, मिठाचे सुटे भाग त्याहून फार लहान. म्हणजे दूध विरघळलं नाही, नुसतं पसरलं. बोअरचं पाणी गढूळ असेल तर या प्रयोगाला घेऊ नका, त्यात आधीच पट्टा उमटतो.

त्या बोअरच्या पाण्याचा उपयोग दुसरीकडे करा. स्टीलच्या एका ताटलीत बोअरचं, दुसरीत पावसाचं पाणी, दोन्ही सारखं मोजून उन्हात वाळवा. एकीत पांढरा थर राहतो, दुसरीत जवळपास नाही. बादलीवर, गिझरमध्ये बसतो तोच हा प्रकार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. म्हणजे त्या मर्यादेवरचं 100 मिलि पाणी वाळवलं तर 50 मिलिग्रॅम मागे राहायला हवेत. ज्यांना गणित आवडतं त्यांना हे द्या.

निपाणीचा ऊसवाला

ताई, हंगामात पोरांना घेऊन आमच्याकडं गुऱ्हाळावर या. रस, काकवी, गूळ, तिन्ही टप्पे एकाच ठिकाणी बघायला मिळतात. काकवी बरणीत ठेवली की काही दिवसांनी तळाला साखरेचे खडे धरतात, ते आमच्या घरची पोरं चमच्यानं खरवडून खातात. पाणी आटलं, साखरेला जागा पुरेना, म्हणून बाहेर पडली. फक्त काहिलीजवळ कुणाला सोडायचं नाही, उकळता रस अंगावर उडाला तर फोड येतो. मोठी माणसं दोन तरी सोबत आणा.