पोकरमध्ये स्मॉल ब्लाइंडमधून कमकुवत पाने : अर्धा ब्लाइंड भरून फ्लॉप पाहावा का?

प्रश्न

मी नऊ जणांच्या टेबलावर नो-लिमिट होल्डेम खेळतो, म्हणजे पोकरचा तो प्रकार ज्यात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पाने उघडतात. डावाआधी दोघांना सक्तीने पैसे भरावे लागतात : बिग ब्लाइंडला एक ब्लाइंड आणि स्मॉल ब्लाइंडला त्याच्या निम्मे. माझ्या आधी एखादा खेळाडू लिंप करून (रक्कम न वाढवता फक्त एक ब्लाइंड भरून) आत आला, की स्मॉल ब्लाइंडमधून मला फक्त अर्धा ब्लाइंड भरायचा असतो आणि पॉटमध्ये (मधल्या जमा रकमेत) अडीच ब्लाइंड असतात. म्हणजे भाव ५ ला १ मिळतो आणि १६.७ टक्के वेळा जिंकलो तरी पैसे वसूल होतात. राजा-पंजी ऑफसूटसारखी (वेगवेगळ्या चिन्हांची) पानेही यापेक्षा अधिक वेळा जिंकतात, म्हणून मी जवळजवळ सगळीच पाने खेळतो. तरीही माझ्या नोंदींत सर्वाधिक तोटा याच जागेवरून दिसतो. हिशेबात कुठे चुकते आहे?

प्रतिसाद १

आपला भागाकार बरोबर आहे, पण तो पाचही पाने आणखी पैसे न भरता पाहायला मिळतील असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पाने), टर्न (चौथे) आणि रिव्हर (पाचवे) या तिन्ही टप्प्यांवर स्मॉल ब्लाइंडला सर्वांत आधी बोलावे लागते. जोडी नसलेल्या पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगले काही मिळण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते. उरलेल्या वेळी समोरच्याने बेट केली, म्हणजे पैसे लावले, की आपण पाने टाकतो आणि कागदावरची टक्केवारी तिथेच संपते.

त्याहून महागात पडते ते पाने लागल्यावर. आपलीच राजा-पंजी घ्या. फ्लॉपवर राजा, अठ्ठी आणि दुर्री आली. पॉट तीन ब्लाइंडचा झाला. आपण चेक केले (पैसे न लावता पाळी पुढे दिली), लिंप करणाऱ्याने दोन ब्लाइंड लावले, बिग ब्लाइंडने पाने टाकली आणि आपण कॉल केला (तेवढेच पैसे भरले). टर्नवर त्याने पाच लावले, तेही आपण भरले आणि रिव्हरवर समोर राजा-गुलाम दिसले. आधी भरलेला स्मॉल ब्लाइंड सोडला तरी साडेसात ब्लाइंड गेले, म्हणजे पंधरा वेळा फोल्ड करून (पाने टाकून) वाचले असते तेवढे. समोरच्याकडे राजा नसता, तर बहुधा त्याने टर्नवर हात आखडता घेतला असता, त्यामुळे अशी पाने जिंकतात थोडे आणि हरतात पुष्कळ.

प्रतिसाद २

वरील म्हणणे मान्य आहे, मात्र त्यावरून सगळेच टाकू लागू नये. प्रत्येक वेळी फोल्ड केले तर स्मॉल ब्लाइंडमधील शंभर डावांत पन्नास बिग ब्लाइंड जातात. चांगले खेळाडूही या जागेवर तोट्यातच असतात, फक्त त्यांचा तोटा याहून कमी असतो. लहान जोडीला फ्लॉपवर त्याच अंकाचे तिसरे पान साधारण साडेआठ वेळांतून एकदा मिळते, आणि मिळाले की मोठा पॉट उभा राहू शकतो. सत्ती-छक्की सूटेडसारखी (एकाच चिन्हाची) पानेही अशा स्वस्त भावात खेळावीत. न जुळणारी ऑफसूट पाने मात्र सोडावीत.

कोणी रेझ करून रक्कम अडीच ब्लाइंडपर्यंत वाढवली असेल, तर गोष्ट वेगळी. स्मॉल ब्लाइंडला चारच्या पॉटसाठी दोन भरावे लागतात, म्हणजे ३३ टक्के हवेत; बिग ब्लाइंडला दीडच भरायचे असल्याने २७ टक्के पुरतात. शिवाय आपल्यामागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा असतो आणि तो पुन्हा रेझ करू शकतो. अशा वेळी मी कमकुवत पानांवर कॉल मुळीच करत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आधीच्या सगळ्यांनी फोल्ड केले आणि फक्त बिग ब्लाइंड उरला, तरीही हेच लागू होते का?

प्रतिसाद २

नाही, तिथे पुष्कळ जास्त पाने खेळता येतात, कारण समोर एकच खेळाडू असतो आणि त्याला कोणतीही पाने आलेली असू शकतात. कॅश गेममध्ये (टूर्नामेंट नसलेल्या, थेट पैशांच्या खेळात) तेव्हा भाव ३ ला १ असतो. ज्या टूर्नामेंटमध्ये बिग ब्लाइंड स्वतःइतकाच आणखी एक अँटे (डावाआधीची सक्तीची जादा रक्कम) भरतो, तिथे तो पुन्हा ५ ला १ होतो. तिथे राजा-पंजी मी खेळतो, बहुतेकदा रेझ करूनच.